वीस पोरींची चाचणी

पवनीत आमच्या शाळेचे संगणक दुरुस्त करायला जे गृहस्थ येतात, ते आधी चपला दाराबाहेर काढतात आणि मग सगळे संगणक ज्याला जोडलेत त्या सर्व्हरच्या डब्याला कान लावून उभे राहतात. बोलणं थोडंच, त्यातही मधूनमधून 'बरं का' असतं.

गेल्या वर्षी टायपिंगच्या परीक्षेआधी त्यांनी सर्व्हरवर नवा कर्नल, म्हणजे सगळी कामं वाटून देणारा गाभा, बसवला. इंटरनेटवरच्या चाचणीत त्याला जुन्यापेक्षा खूप जास्त गुण मिळाले. मी खूश झाले. ते मात्र पडद्याकडे बघत राहिले.

"मॅडम, ही चाचणी तं नुसती गणितं करवून राहिली. आपल्या पोरी काय करतेत?"

"मराठी टाइप करतात, आणि घंटा झाली की फाइल सेव्ह करतात."

"साऱ्या एकाच टायमाले?"

"हो."

दुसऱ्या दिवशी ते माझ्या तासाला मागे येऊन बसले. घंटा झाली, वीस मुलींनी एकदम बटण दाबलं आणि सगळे पडदे गोठले. दोघींचं लिखाण गेलं.

ते उठून वर्गासमोर आले आणि हात जोडून म्हणाले, "माहं चुकलं, बरं का पोरींनो. मी तुमचं काम नाही मोजलं."

त्या दोघी आधी गोंधळल्या, मग हसल्या. त्याच दिवशी त्या गृहस्थांनी जुना कर्नल परत बसवला आणि परीक्षा निर्विघ्न पार पडली.

आता काही नवं बसवलं, की ते गुण बघत नाहीत. "पोरी मोकळ्या हायेत का, मॅडम?" एवढंच विचारतात, आणि मुली धावत येऊन आपापल्या जागी बसतात.