वन्संचं टोपडं

पनवेलमध्ये अर्धवट इमारतींना तोटा नाही, पण त्यांतली एखादी तरी कधी ना कधी पुरी होते. माझ्या मोठ्या नणंदेनं क्रोशाच्या सुईवर घेतलेली गोल वस्तू पुरी झालेली मी लग्न होऊन आल्यापासून पाहिली नव्हती. वन्सं वाईट विणतात असं नाही. फार चांगलं विणतात, म्हणूनच उसवतात. सुरुवातीच्या कड्याचं भोक दोरा ओढून मिटलं नाही, की उसव. टाके कमी वाढवले आणि गोलाची वाटी झाली, की उसव. जास्त वाढवले आणि कडेला झालर उठली, तरी उसव. फेरीचा शेवटचा टाका पहिल्याला जोडावा, तर तो जोड दर फेरीला थोडा सरकतो आणि तिरकी रेघ दिसते. न जोडता जिलबीसारखं फिरत जावं, तर फेरी कुठे सुरू झाली तेच हरवतं. म्हणून पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन. बँकेत नंबर लागेपर्यंत, तलावाच्या कट्ट्यावर, कुठेही त्या पिन सरकवत बसलेल्या असत. एकदा डॉक्टरांनी काय त्रास होतोय विचारलं, तर म्हणाल्या, "थांबा, एवढी फेरी संपू दे."

हे स्वतःच्या विणकामापुरतं होतं तोवर कोणाची तक्रार नव्हती. मग त्यांच्या लेकीचं लग्न झालं, सासर कळंबोलीत. विहीणबाई मूळच्या उरणकडच्या. आम्ही दोघी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा टीपॉयवर त्यांनी विणलेला गोल रुमाल होता, कडेला लाटा उठलेला. त्या चहा टाकायला आत गेल्या आणि मी भिंतीवरचे फोटो बघत राहिले. वळले तेव्हा वन्संच्या मांडीवर अर्धाच रुमाल होता आणि हातात दोऱ्याचा गुंडा.

"वन्सं, अहो काय करताय?"

"शेवटच्या फेऱ्यांतच घोळ आहे गं. लगेच होईल."

विहीणबाई ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. "माझ्या आईनं शिकवलेला हाय तो," एवढंच म्हणाल्या. चहा सगळ्यांनी प्यायला. त्यानंतर दोघी विहिणींचं काय बोलणं असेल ते लेकीमार्फत होऊ लागलं.

नात झाली आणि वन्संनी टोपडं विणायला घेतलं. बारशापर्यंत व्हायचं होतं. ते दर वेळी जवळजवळ होई, मग काहीतरी दिसे आणि उसवलं जाई. तोवर नातीचं डोकं वाढलेलं असे, म्हणून पुन्हा नवं माप. असं चालू असतानाच जावयांना कॅनडात नोकरी लागली. निघायच्या आदल्या आठवड्यात विहीणबाई रिक्षा करून एकट्याच पनवेलला आल्या. वन्सं शेवटच्या फेरीवर होत्या. जोडाची तिरकी रेघ त्यांच्या नजरेला पडली आणि त्यांनी सुई काढली. विहीणबाईंनी त्यांचा हात धरला.

"तुमी उसवत बसाल नि पोर उडून जाईल. द्या इकडं."

त्यांनी कात्रीनं दोरा कापला, टोक शेवटच्या टाक्यातून ओढून घट्ट केलं. "येवढं माझं राहू दे यात."

वन्संनी सुई खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तुमचा तो रुमाल…"

"जाऊ दे. लाटा होत्याच त्याला."

आता दर रविवारी विहीणबाई वन्संकडे येतात आणि दोघी एकाच फोनवर नातीला बघतात. भाची आठवणीनं टोपडं घालूनच तिला समोर आणायची. रेघ स्पष्ट दिसायची. वन्संनी त्या रेघेचा विषय कधी काढला नाही.

परवा पोर बोडक्यानंच आली. "आई, टोपडं आता डोक्याला होत नाही गं," भाची म्हणाली.

"वाढू दे," वन्सं म्हणाल्या.

फोन बंद झाल्यावरही दोघी त्या काळ्या पडद्याकडे बघत होत्या. मग विहीणबाईंनी पिशवीतून लोकरीचा गुंडा काढला. "आता केवढं घ्यायचं?"

वन्संनी दोन्ही पंजे समोर धरून हवेत माप घेतलं, थोडं वाढवलं, थोडं कमी केलं, आणि हात तसेच धरून बसून राहिल्या.