दिगंबरची कोरी ताडपत्री

पाऊस वर्षातून चार महिने पडतो, पावसाच्या गोष्टी बारा महिने. आमच्या फाट्यावर गफूरच्या हॉटेलात एकानं आभाळाकडं बघितलं की दुसरा सुरू झालाच, "त्या साली न्हाई का..." मी तिसरीतून गुरं राखायला गेलेला माणूस. मला लिहायचं वळण न्हाई, पण गप बसायचंही न्हाई, म्हणून सांगतो.

औंदा चैतात आधी ऊन तापलं, मग वादळ आलं, मग थंडी पडली. अन् नेमकी तेव्हाच माझी हळद शिजवून खळ्यावर वाळत पडलेली. ज्यानं हळद केली त्याला पुढचं सांगायची गरज न्हाई. बाकीच्यांनी एवढं ध्यानात ठेवा, की वर्षभर मातीत जपलेलं पीक शेवटी उघड्यावर येतं, अन् शिजल्या हळदीवर पाणी पडलं की ती काळी पडते. मग व्यापारी तिच्याकडं बघतबी न्हाई.

*

आधी उन्हाचं सांगतो. आमच्यात एक रिटायर गुरुजी आहेत. शाळा सुटली, पण शिकवायची खोड न्हाई सुटली. रोज हॉटेलात येऊन मोबाईल काढायचा अन् हवामान वाचायचं. ऊन असं की गफूरच्या पत्र्याखाली बसलं तरी भाकरीगत भाजायला व्हायचं.

गुरुजी म्हणाले, "आज पारा आणखी चढणार. परवापासून वातावरण बदलेल. वादळाची शक्यता."

मी म्हणलं, "कुठं? आपल्याकडं का सेनगावाकडं?"

"थांबा, बघतो," म्हणून त्यांनी बोट फिरवलं, तर मोबाईल बंद. फुकलं, झटकलं, पार उपरण्यानं वारा घातला.

"काय झालं?"

"गरम झालाय. थंड झाल्यावर चालू होईल."

मी म्हणलं, "गुरुजी, ज्याला सोताचं ऊन सोसंना, तो आमाला काय सांगून राहिला?"

गफूरनं तो मोबाईल उचलून पाण्याच्या माठावर ठेवला. म्हणला, "आबा, गाली मत दो. बीमार है बेचारा."

*

मोबाईलवर माझा इस्वास का न्हाई, त्याला कारण आहे. मागं गंगारामच्या पुतणीचं लगीन होतं. गंगाराम आमच्या शेजारच्या तांड्याचा, माझ्या बैठकीतला. गुरुजींनी मोबाईल बघून सांगितलेलं, "निरभ्र आकाश. खुशाल मांडव टाका."

मंगलाष्टकं सुरू झाली अन् वारं सुटलं. मांडव फुगला गाईच्या पोटासारखा. जो तो एकेक खांब धरून उभा. नवरदेव उंच, अंगानं दणकट. त्यानंबी शेजारचा खांब दोन्ही हातांनी धरला. नवरी हार घेऊन समोर उभी, पण नवरदेवाला हात मोकळा न्हाई.

गंगाराम पलीकडच्या खांबाला लटकून वरडला, "जावईबापू, एक हात सोडा, हार घालायचाय!"

नवरदेव म्हणला, "मामा, सोडला तर तुमीबी जाल."

*

औंदा गुरुजींनी वादळाची बातमी दिली तेव्हा गंगाराम तिथंच होता. गुरुजी म्हणाले, "यलो अलर्ट आहे."

"म्हंजी?"

"सावध राहा."

गंगारामनं बशीतला चहा संपवला. म्हणला, "परभणीला सिग्नलवर पिवळ्याला कोण थांबतं? लाल झाला की सांगा."

आमी हसलो. मीबी हसलो. पण घरी जाताना खळ्यावर गेलो, हळद हातात घेऊन मोडून बघितली. आतून ओलीच होती. अजून चार उन्हं पाहिजे होती तिला.

*

आता दिगंबरचं सांगतो, न्हाई तर पुढचं कळायचं न्हाई. दिगंबर माझ्या शेजारचा. बांधाला बांध. मागच्या दिवाळीच्या आसपास वारला. त्याच्याकडं एक ताडपत्री होती, निळी, जाड, आमच्या सगळ्यांच्या हळदीला पुरंल एवढी मोठी. आणल्यापासून घडीच मोडली न्हाई त्यानं. वर आढ्याला बांधून ठेवली होती, अन् खाली जेवायला बसला की वर बघायचा.

एका साली असंच आभाळ भरून आलं. मी पळत त्याच्या दारात. म्हणलं, "दिगंबर, ताडपत्री दे. हळद जाऊन राहिली."

त्यानं आभाळ बघितलं, माझ्याकडं बघितलं, अन् शांतपणे म्हणला, "द्यायला काही न्हाई रे. पण पाऊस आला तर भिजंल ना ती."

त्या दिवशी पाऊस आला अन् माझी अर्धी हळद गेली. तेव्हापासून मी त्याच्याशी बोललो न्हाई. तो मेला तेव्हा मातीला गेलो, पण तिथंबी बोललो न्हाई.

त्याचा पोरगा पुण्याला असतो. त्यानं बापाचा फ्लेक्स केला, भिताडाएवढा. भावपूर्ण श्रद्धांजली, अन् मधी दिगंबर, मिशीला पीळ दिलेला. फाट्यावर गफूरच्या हॉटेलासमोर लावला. तेव्हापासून मी हॉटेलात त्या फ्लेक्सकडं पाठ करून बसायचो.

*

अन् आलं वादळ. दुपार असून अंधारलं. वाऱ्यानं धूळ अशी उठवली की समोरचं लिंबाचं झाड दिसंना. पोरगं हळदीचा भाव बघायला वसमतच्या बाजारात गेलेलं. खळ्यावर मी अन् सून, सुनीता. दोघांनी हळद ओढून ढीग केला. आमची ताडपत्री उन्हानं चिरलेली. तिच्यावर साड्या टाकल्या, पोती टाकली, घरातली सतरंजी टाकली. तरी एक बाजू उघडीच. पहिले थेंब पडायला लागले, मोठाले, रुपयाएवढे.

सुनीता कुठं गायब झाली कळलं न्हाई. मी उघड्या बाजूला आडवा होऊन पडलो. म्हातारं माणूस, किती झाकणार?

एवढ्यात गफूरची मोटारसायकल आली. मागं सुनीता, मांडीवर भलीमोठी गुंडाळी. दोघांनी ती उलगडली. दिगंबर.

मी उठून बसलो. "त्याचा कागद न्हाई पाहिजे माझ्या हळदीवर."

सुनीता फ्लेक्सचं एक टोक दातात धरून दगड शोधत होती. तिनं टोक हातात घेतलं अन् म्हणली, "मामा, हळद मरून राहिली, अन् तुमी मेलेल्या माणसाशी भांडून राहिले. दगड द्या."

मी दगड दिला. तिनं तो बराबर मिशीवर ठेवला.

मग गारा आल्या. आमी तिघं गोठ्यात उभे. पत्र्यावर असा आवाज की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. साड्या उडाल्या, सतरंजी बाभळीवर जाऊन बसली. फ्लेक्स फडफडायचा, फुगायचा, पण सुटला न्हाई. गफूर मधीच माझ्या कानाशी येऊन म्हणला, "आबा, दिगंबरसेठ ने पकड के रखा है."

ओठ हलत होते माझे, ते थंडीनं.

*

सकाळी असं गार पडलं होतं की चैतात मी स्वेटर घालून खळ्यावर गेलो. आभाळ धुतल्यासारखं. हात घालून ढिगाच्या आत बघितलं. हळद कोरडी. कडेचं थोडं पायलीभर भिजलं असंल, बाकी सगळी कोरडी. मी तिथंच खाली बसलो.

तेवढ्यात बांधावरून दिगंबरची बायको येताना दिसली, कोंडावैनी. नवऱ्याचा फ्लेक्स न विचारता काढलेला, त्याच्या तोंडावर दगड ठेवलेले, कपाळावर चिखल. मी घाईनं मिशीवरचा दगड काढला, पण तिनं बघितलंच.

तिच्या डोक्यावर गाठोडं होतं. ते तिनं खाली ठेवलं. मग फ्लेक्सपाशी वाकली, पदरानं नवऱ्याच्या तोंडावरचा चिखल पुसला. बराच वेळ पुसत होती. मी म्हणलं, "वैनी, विचारायला वेळ न्हाई मिळाला. चुकलं असंल तर..."

ती माझ्याकडं न बघता म्हणली, "रात्री थंडी लई होती भावजी. ह्यांना थंडी सोसत न्हाई."

मग तिनं गाठोडं माझ्याकडं सरकवलं. निळी ताडपत्री. घडीवर आढ्याची धूळ, दोरी तशीच बांधलेली.

"ही घ्या," ती म्हणली, "अन् ह्यांना घरी येऊ द्या."

मी फ्लेक्सची घडी घालून दिली. तिनं ती डोक्यावर घेतली अन् बांधापर्यंत गेली. तिथं थांबली, अन् मागं वळून म्हणली,

"भावजी, भिजली तर भिजू द्या."