खुल्या व्हायव्हाचा एकमेव इच्छुक

“आदी वाकून बघावं, मंग त्वांड उघडावं.”

कुंभारीचा कोंडीबा हे वाक्य दिवसातून चारदा तरी म्हणायचा. सुनेला आमटीवरून म्हणायचा, सरपंचाला गटारीवरून म्हणायचा. एकदा नातीला बघायला आलेल्या पाहुण्यांनाही म्हणाला, तेव्हा त्याची बायको सोनाबाई आठ दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. पण त्याचा तरी काय दोष? माणूस विहिरी खोदणारा. अडतीस विहिरी त्यानं खोदल्या. डाव्या हाताची दोन बोटं सुरुंगात गेली, तर ती कुठल्या विहिरीवर गेली हे तो असं सांगायचा, जसं एखाद्यानं लेक कुठल्या गावी दिली ते सांगावं. अडतीस विहिरींच्या पाण्याची चव त्याच्या जिभेवर वेगवेगळी होती. काठावर पोट टेकून खालच्या काळोखात डोळे लावायचे आणि कुठूनसा पाण्याचा एक कवडसा हलेपर्यंत गप्प राहायचं, एवढीच त्याची शाळा. तशी कागदोपत्री चौथीही झाली होती.

असा माणूस पीएच.डी.च्या परीक्षांना जाऊन बसू लागला, त्याला कारण गाळ.

सोलापुरात सात रस्ता चौकापासून हाकेच्या अंतरावर एक कॉलेज आहे. नाव घेत नाही, तिथल्या लोकांनाही भाकरी खायची आहे. रसायनशास्त्र विभागाच्या मागं जुनी विहीर होती, तिचा गाळ काढायला अकरा वर्षांपूर्वी कोंडीबाला बोलावलं. दुपारी पाणी प्यायला तो विभागात शिरला. सापडेल ते मोठ्यानं वाचायची त्याला खोड. फळ्यावरची नोटीस त्यानं वाचली, “खुली मौखिक परीक्षा. इच्छुकांनी उपस्थित राहावे.”

स्टुलावर जोतिराम शिपाई बसला होता.

“इच्छुक म्हंजी कोण रं?”

“ज्याला यायचंय त्यो.”

“मंग मी हाय की.”

“आबा, तुमच्या पायाला गाळ हाय.”

“गाळ तुमच्याच इहिरीचा हाय. मला काय म्हून सांगतूस?”

आणि तो आत जाऊन पहिल्या रांगेत बसला.

विभागाला तो देवानं धाडल्यासारखा वाटला. कारण पीएच.डी.चे नियम म्हणजे मारुतीचं शेपूट. आधी प्रवेशाची परीक्षा, मग सहा महिन्यांचा कोर्स, मग समितीपुढं आराखडा, दर सहामाहीला प्रगतीचा अहवाल, प्रगती झालेली नसली तरी अहवाल. दोन शोधनिबंध छापून यायला हवेत. वाङ्मयचोरी तपासणाऱ्या यंत्राचा दाखला हवा. आणि सगळ्यात शेवटी ही खुली परीक्षा, म्हणजे व्हायव्हा. ती खुली असावी, तिला श्रोते असावेत, आणि श्रोत्यांचा फोटो अहवालाला जोडावा असा दंडक. श्रोते आणायचे कुठून? विद्यार्थी पळून जात, प्राध्यापकांना नेमका त्याच वेळी तास आठवे. तेव्हापासून प्रत्येक फोटोत पहिल्या रांगेत कोंडीबाचा गुलाबी फेटा दिसू लागला. एकदा अहवाल तपासणाऱ्या बाईंनी विचारलं होतं म्हणे, “हे फेटेवाले ज्येष्ठ प्राध्यापक कुठल्या विषयाचे?” जोतिराम म्हणाला, “खोलीच्या.”

व्हायव्हानंतर जेवणाचा रिवाज. तो कुठल्याही नियमात लिहिलेला नाही, म्हणून तो कधी मोडलाही गेला नाही. कोंडीबा पहिल्या पंगतीला जेवायचा, सोनाबाईसाठी फडक्यात बांधून न्यायचा. पण जेवणाआधी, “श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचं आहे का?” असं म्हटलं की तो उठायचा आणि एकच प्रश्न विचारायचा.

“सोता वाकून बघितलंसा का?”

विषय कुठलाही असो, प्रश्न हाच. साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणाऱ्या कणांवर एका पोरानं सहा वर्षं घालवली होती. तो म्हणाला, “आबा, ते डोळ्यांना दिसत नाही, मशीन बघतं.”

“मंग डागदरकी मशीनला द्या की.”

हसू फुटायचं, उमेदवार “होय आबा, बघितलं” म्हणायचा, टाळ्या पडायच्या, पत्रावळ्या मांडल्या जायच्या. अकरा वर्षं हेच. प्रश्न म्हणजे आरतीनंतरची घंटा झाला होता, वाजली की प्रसाद.

यंदा पाळी शिवलीलाची होती.

शिवलीला अक्कलकोट तालुक्यातली. घरात कन्नड, शाळेत मराठी, प्रबंध इंग्रजीत, अशा तीन विहिरींचं पाणी प्यालेली पोरगी. विषय होता सोलापूरच्या आसपासच्या तीस विहिरींच्या पाण्यातले क्षार. दर महिन्याला स्कूटीवर बाटल्या बांधून ती तीस विहिरी फिरायची. दोरीनं हाताला घट्टे पडले, उन्हानं रंग गेला. घरचे विचारायचे, “शिकतीस का पाणी भरतीस?”

यातल्या सतरा नंबरच्या विहिरीनं घात केला. दुसऱ्या वर्षी ती कुंभारीला गेली तर विहीर जागेवर नाही. सपाट जमीन, तिच्यात प्लॉटचे पांढरे दगड रोवलेले, आणि विहिरीच्या जागी एक शेळी निवांत रवंथ करत बसलेली. शिवलीलानं गाईडला, सुबोध सरांना फोन लावला.

“सर, सतरा नंबर बुजवली.”

सर वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त कागदाची भीती वाटायची, जशी काहींना सापाची वाटते. ते म्हणाले, “आराखड्यात तीस विहिरी मंजूर आहेत. एकोणतीस करायच्या तर पुन्हा समिती. समिती बसणार सहा महिन्यांनी, मग दुरुस्तीचा अर्ज, मग मुदतवाढ. शेजारी बोअर आहे ना? तिचं पाणी घे आणि सतरा लिही. पाणी ते पाणीच.”

शिवलीलानं लिहिलं. पण बोअर पडली खोल, तिचं पाणी गोड. तक्त्यात सतरा नंबरचे क्षार धाडकन उतरले. आता याचं कारण द्यायला हवं. मग तिनं कारण शोधलं, त्याला चार संदर्भ जोडले, आलेख काढला. तोच शोधनिबंध छापून आला आणि त्याचंच सगळ्यात जास्त कौतुक झालं. लोकांनी तिला पेढे भरवले. तेव्हापासून शिवलीलाला गोड पाणी पिताना ठसका लागायचा.

व्हायव्हाच्या दिवशी सकाळी तिच्या आईनं हुग्गीचं पातेलं पाठवलं, गव्हाच्या त्या गोड खिरीचा वास पार पायऱ्यांपर्यंत येत होता. कडक भाकरी, शेंगाचटणी, भरली वांगी. जोतिराम ताटं मोजत होता.

“ताई, घाबरू नगा. शेवटी आबा इचारतील, तुमी व्हय म्हणायचं, की जेवायचं.”

“कोण आबा?” दुसऱ्यांच्या व्हायव्हाला तीही कधी थांबली नव्हती.

“कुंभारीचे कोंडीबा आबा. इहिरी खांदतेत त्ये.”

शिवलीलाच्या हातातली फाईल खाली पडली. जोतिरामनं उचलून दिली आणि वर म्हणाला, “एवढ्यात नका पाडू, अजून डागदर व्हायचंय.”

दोन तास ती बोलली. बाहेरगावचे परीक्षक शांत गृहस्थ होते, चष्मा कपाळावर सरकवून ऐकत होते. त्यांनी अवघड विचारलं, तिनं सोपं करून सांगितलं. पडद्यावर तीस विहिरींचा तक्ता आला. सतरा: कुंभारी, सयाजीच्या शेतातली. तिनं चोरून पहिल्या रांगेकडं बघितलं. कोंडीबाचे ओठ हलत होते. तो वाचत होता. आज मात्र मोठ्यानं नाही.

“आलेख क्रमांक नऊ फार छान आहे,” परीक्षक म्हणाले. तो सतराचाच होता. सुबोध सरांनी पाण्याचा पेला एका दमात संपवला.

मग ते वाक्य आलं, “श्रोत्यांपैकी कुणाला…”

कोंडीबा उठला. फेटा सारखा केला. मागं कुणीतरी आधीच हसलं, फोटो काढणाऱ्यानं मोबाईल वर धरला.

“पोरी, सोता वाकून बघितलंस का?”

एक ‘होय’ म्हणायचं होतं. सहा वर्षं, तीस विहिरी, आईची हुग्गी, आणि नावाआधी लागणारं ‘डॉक्टर’, सगळं त्या ‘होय’च्या पलीकडं मांडून ठेवलेलं होतं. सुबोध सर तिच्याकडं बघून इतक्या बारीक मान हलवत होते की वाऱ्यानं हलते असं वाटावं. कोंडीबा मात्र काठावर पोट टेकल्यासारखा थांबला होता. त्याला घाई नव्हती. तळ दिसायला वेळ लागतो हे त्याला ठाऊक होतं.

“एकोणतीस विहिरींत बघितलं, आबा,” शिवलीला म्हणाली. “सतराव्यात नाही. पहिल्या वर्षानंतर तिथं वाकायला विहीरच नव्हती. मी शेजारच्या बोअरचं पाणी घेतलं आणि सतरा लिहिलं.”

मोबाईल खाली आला. सुबोध सरांना खोकला आला, तो बराच वेळ चालला.

“नसंलच की,” कोंडीबा म्हणाला. “म्याच खांदली व्हती आन् म्याच बुजवली. सयाज्यानं प्लाट पाडलं. चाळीस फूट खोल. सतराव्या फुटाला काळा फत्तर लागला, तितनं फुडं पानी खारं. तुमचं ते गोड झालेलं बघून मला वाटलं, मेल्यावर सुदारली का काय.”

परीक्षक हसले. अख्ख्या खोलीत ते एकटेच हसले. मग चष्मा डोळ्यांवर घेऊन त्यांनी विचारलं, “शेजारचं पाणी घ्यायचं हे कुणी सुचवलं?”

“लिहिलं मी,” शिवलीला म्हणाली.

“मी सुचवलं,” सुबोध सर म्हणाले. खोकला आपोआप थांबला होता.

दाराआड अर्धा तास खल झाला. मग निकाल आला. पदवी आज नाही. सतरा नंबर प्रत्येक तक्त्यातून काढायचा, सगळी आकडेमोड नव्यानं, छापलेल्या निबंधाबद्दल मासिकाला स्वतः पत्र लिहून कळवायचं, आराखड्याची दुरुस्ती समितीपुढं न्यायची, आणि सहा महिन्यांनी पुन्हा खुला व्हायव्हा. ज्या सहा महिन्यांना घाबरून हे सगळं केलं, तेच सहा महिने दारात येऊन उभे राहिले.

शिवलीला गॅलरीत आली. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आली ती भूक.

कोंडीबा तिथंच कठड्याला टेकून होता.

“आबा, तुम्हाला तक्ता बघितल्याबरोबर कळलं होतं ना?”

“चौथी शिकलूय. सयाजीचं नाव वाचता येतं.”

“मग सरळ विचारायचं की, सतरा नंबर कुठं हाय म्हणून.”

“इचारलं की. आकरा वर्सं तेच इचारतूय. न्हाय म्हननारी तू पैलीच.” त्यानं कठड्यावरून खाली वाकून बघितलं. “काडून कशापाय टाकतीस गं तिला? बुजली म्हून लिव्ह. पैल्या वर्साचं पानी खरं हाय न्हवं? बुजल्याली असली तरी इहीर व्हतीच की ती.”

“नियमात बसतं का बघते.”

“आदी वाकून बघ, मंग नियम बघ.”

जोतिराम पळी हातात घेऊन आला. त्याच्यापुढं मोठाच पेच होता. डिग्री न मिळालेल्या उमेदवाराचं जेवण घालायचं की नाही, याला आजवर दाखला नव्हता. त्यानं परीक्षकांना विचारलं. ते म्हणाले, “भाकरी काही दुरुस्तीसाठी परत पाठवता येत नाही. वाढा.”

“चला आबा, पैली पंगत.”

“न्हाय. ह्ये डागदर झाल्यालीचं जेवान हाय. ही अजून झाली न्हाय. फुडच्या टायमाला जेवीन.”

“आवो, हुग्गी हाय.”

कोंडीबानं वास घेतला. नाकपुड्या फुगल्या, गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली. “माझं ऱ्हाऊं दे. सोनाबाईचं मातर बांद. तिला कसला नियम न्हाय.”

शिवलीलानं स्वतः डबा भरला, वर भाकरी ठेवून फडक्याची गाठ मारली. कोंडीबानं ते गठुडं तीन बोटांच्या हातात घेतलं आणि जिना उतरला.

खाली गेल्यावर तो फाटकाकडं न जाता विभागाच्या मागं वळला. जुन्या विहिरीवर आता लोखंडी जाळी बसवली आहे. त्यानं गठुडं काठावर ठेवलं, जाळीवर पोट टेकलं आणि आत बघितलं. बराच वेळ. मग काहीतरी पुटपुटला आणि गठुडं उचलून कुंभारीच्या रस्त्याला लागला. रिक्षांच्या गर्दीत गुलाबी फेटा एकदा दिसला, एकदा बुडाला, पुन्हा वर आला.

वरून शिवलीला बघत होती. शेजारी जोतिराम पळी तशीच धरून उभा होता, पळीतली हुग्गी त्याच्या बुटावर गळत होती. आणि खालच्या मजल्यावरच्या खिडकीत सुबोध सर होते. फेटा दिसेनासा झाल्यावर ते मागच्या दारानं बाहेर आले, इकडं तिकडं बघितलं, आणि जाळीपाशी जाऊन वाकले.