आईचा खांदा, लग्नाच्या रोट्या आणि ऑस्टिओपॅथी

ऑस्टिओपॅथी हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो मामाच्या मुलीच्या लग्नाच्या तोंडावर. सत्तरचं दशक संपत आलं होतं. कामांची वाटणी मी केली होती. मांडव, पाणी, पाहुण्यांची उतरण्याची सोय, सगळं मार्गी लागलं होतं. अडलं एकाच ठिकाणी. लांब रोट्या आई करणार होती आणि तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना.

सैल कणीक दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत पसरवायची आणि चुलीवरच्या उपड्या मडक्यावर टाकायची, अशी ही रोटी. पार कुही गावापर्यंतच्या आमच्या नातेवाइकांत आईइतकी पातळ कुणाची होत नसे, आणि हे तिला चांगलंच ठाऊक होतं. मामी म्हणाली, "यंदा आचारी सांगू," तेव्हापासून आईने तिच्याशी अबोला धरला.

मालिश झाली, शेक झाला. मग ऑफिसातल्या एकीने विलायतेत शिकून आलेल्या डॉक्टरांचा पत्ता दिला. सुई नाही, गोळी नाही. उपचार फक्त हातांनी; हीच ती ऑस्टिओपॅथी.

त्यांनी खांद्याबरोबर पाठ, बरगड्या, कंबरही चाचपली आणि म्हणाले, "आता पालथ्या झोपा." आई ताडकन उठून बसली.

"डॉक्टरसाहेब, तुम्ही पायाळू आहात का?"

आमच्याकडे पाठीत उसण भरली की पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या माणसाची लाथ लावून घेतात.

"नाही हो आई, मी डोक्याकडूनच आलो," डॉक्टर हसले. "पाय बुटातच राहतील."

आई माझ्या कानाशी लागली. "दुखते खांदा, अन् हा पाठ पाहून राहिला. काहून वं?"

ते डॉक्टरांनी ऐकलं. "पाठ आखडली की हात उचलायचा सगळा भार खांद्यावर येतो. आखडलेले स्नायू सैल करायचे, सांधे हलते करायचे, एवढं माझं काम. पुढचं शरीर स्वतः करतं. हाड मोडलं, ताप आला, तर मात्र माझ्याकडे येऊ नका."

दाबणं, ताणणं, श्वास सोडायला लावणं चालू असताना पाठीत कट्‌कन वाजलं. "मोडलं ना गा!" आई साहेब-बिहेब विसरून ओरडली. काही मोडलं नव्हतं.

मग त्यांनी तिला बसून हवेत रोटी करायला लावली. घरी चुलीपुढे खाली बसलं की मडक्याचा माथा खांद्याशी येत होता आणि दर रोटीला तिचे खांदे कानांना भिडत होते.

"उभं राहून करा, नाहीतर रोट्या सोडा."

"उभी राहतो," आई लगेच म्हणाली.

आणखी काही खेपांनी हात बराच सुटला, पूर्ण नाही. मी विटा आणवून चूल गुडघ्याच्या वर चढवून घेतली. लग्नाच्या दिवशी मामी म्हणालीच, "काय वं बाई, मेमसाहेब झाल्या! उभ्यानं सैपाक?"

"बोलून घे. पंगत बसली की तुले फुरसत नाही भेटणार."

पहिली पंगत आईच्या रोट्यांवर उठली. दुसरीला हात भरून आला, तेव्हा तिने मामीलाच चुलीपाशी ओढलं. "कोपर खाली ठेव वं, खांदे नको उचलू!"

मामीची पहिली रोटी मधोमध फाटली. आईने ती सगळ्यांना उचलून दाखवली आणि मग आपल्याच ताटात वाढून घेतली.