मांडवाच्या भिंतीवरचा टँकर

लग्नघराच्या भिंतीवर चित्रं काढायचं काम मला सासूकडून आलं. दाराच्या दोन्ही बाजूंना भालदार, वर हत्ती, अंबारीत नवरानवरी. रंग म्हणजे चुना, गेरू आणि थोडी नीळ. शाळा चौथीपर्यंत, पण हात चांगला होता.

बहात्तरच्या दुष्काळात पाथर्डीकडच्या आमच्या गावाला खडी फोडायचं सरकारी काम आणि टँकरचं पाणी, एवढाच आधार होता. दोन्ही एकाच माणसाच्या मुठीत. त्याला सगळे मालक म्हणत. कोपरगावकडे त्याचा ऊस होता. कामाच्या मस्टरात कुणाचं नाव घालायचं ते त्याचा मुकादम पुतण्या ठरवी. माझा नवरा दम्याने अंथरुणाला खिळलेला, पोरं तीन. मस्टरातून नाव गेलं की चूल बंद.

मालकाच्या मुलीचं लग्न निघालं आणि मला भिंतीसाठी बोलावणं आलं. भालदार काढत होते, तेवढ्यात टँकर आला. बायका पहाटेपासून घागरी घेऊन उभ्या होत्या. मालकाच्या गड्यांनी त्यांना मागे सारलं आणि सगळा टँकर मांडवाच्या जमिनीवर रिकामा केला. वऱ्हाडाच्या कपड्यांना धूळ लागू नये म्हणून. एक म्हातारी वाकून चिखलातलं पाणी ओंजळीत धरायला लागली, तर गडी हसले.

माझं डोकं फिरलं. हत्तीच्या जागी मी टँकर काढला, त्याला सोंड लावली. सोंडेचं पाणी मांडवात पडतंय. भालदारांच्या हातात भाल्याऐवजी काठ्या दिल्या, त्यांच्यापुढे बरगड्या निघालेल्या बायका, रिकाम्या घागरी. अंबारीत नवरानवरी नाहीत. ढेरीवाला एकटाच बसलाय, घड्याळ उजव्या मनगटावर. उजव्या हाताला घड्याळ गावात एकच माणूस बांधत होता.

मालक राहिलेल्या बस्त्यासाठी नगरला गेला होता. मालकीणबाई हळदीच्या गडबडीत होत्या. सोंड दिसली म्हणजे हत्तीच, असं त्यांनी धरलं आणि भिंतीला हळदीकुंकू लावलं. आमच्याकडे रीत अशी, की एकदा हळदीकुंकू लागलं की लग्नानंतर काही दिवसांनी मांडव परतेपर्यंत भिंत पुसायची नाही.

मालक आला, बघितलं आणि पुसा म्हणाला. मालकीणबाई आडव्या आल्या. पोरीच्या संसाराला खोट लागंल, हात लावून बघा, म्हणाल्या. वऱ्हाड आलं. नवऱ्याकडच्या एका म्हाताऱ्याने चित्रासमोर उभं राहून मोठ्याने विचारलं, "व्याही, तुमच्यात हत्तीला चाकं असत्यात व्हय?" मांडव हसला. मालकाने उजवा हात धोतराच्या सोग्यात लपवला.

दुसऱ्या दिवशी मस्टरात माझं नाव नव्हतं. मुकादम म्हणाला, चित्रं काढ आन् तीच खा. शेजारणीला खडीच्या कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीतली मूठमूठ घेऊन पोरं जगवली. ती तरी किती देणार?

मांडव परतला त्या दिवशी मालकाने बोलावलं. अंगणात दोन भरलेल्या घागरी आणि एक चिंधी ठेवली होती.

"तुझ्या हातानं पूस," तो म्हणाला. "उद्या ये कामावर."

मी पुसलं. गेरू लवकर जात नाही, दोन्ही घागरी लागल्या. मालक खुर्चीत बसून बघत होता, ढेरी आधी पूस म्हणाला. मी तीही पुसली. लाल पाणी भिंतीवरून उतरून मातीत गेलं.

दुसऱ्या दिवशी खडीवर बसले तर शेजारीण बोलेना. जिने सुकडी दिली तीच. दुपारी तिने तोंड उघडलं.

"पुसलंस त्याचं काय न्हाई. प्वाट हाय, समद्यांनाच हाय. पन दोन घागरी पानी भितीवर वतलंस व्हय गं? निदान एक तरी उचलून पळायचीस."

मला ते सुचलंच नव्हतं. पळाले असते तर मस्टरातून नाव पुन्हा गेलं असतं, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. तरी ती बोलली ते खरं होतं. मालकावर राग आहेच, तो मरून गेला तरी आहे. पण त्या घागरी मी स्वतःच्या हाताने रित्या केल्या, त्याचा राग कुणावर काढायचा?