हळू टाइप कर

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली ‘डॉक्टर’ म्हणायची आणि ते ऐकलं की त्याची छाती फुगायची. कुणाचं मशीन अडलं की डॉक्टर हजर. हात हलका, जीभ गोड. पण घरी तो कसा होता, हे त्याच्या बायकोला विचारा. ती बिचारी सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

बायकोला एका प्रकाशकाकडे काम मिळायच्या बेतात होतं. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, घरी बसून, इंटरनेटवरून. आधी थोडे दिवस परीक्षा, मग कायमची नोकरी. लग्नाआधी ती हेच करायची आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. नवरा नाही म्हणाला नाही. "कर की," म्हणाला. चारचौघांत मिरवलंही. त्यानंच कॉम्प्युटर टेबलाखालच्या कप्प्यात, पाठ भिंतीला टेकवून बसवला, इंटरनेटचा बोटाएवढा मोडेम पुढच्या खोबणीत खोचून दिला आणि बजावलं, "मागं हात घालायचा नाही. शॉक बसेल."

तिनं घातला नाही. नवऱ्याचा धंदाच तो, त्याच्यापुढं आपण काय शहाणपण करायचं?

कामाला बसलं की पाचदहा पानं नीट जायची आणि एकदम पडदा निळा. मशीन आडवं. केलेलं सगळं पाण्यात. पुन्हा चालू करा, पुन्हा तेच. दुपारी सासूबाई त्याच कॉम्प्युटरवर पत्ते खेळायच्या, तेव्हा मात्र ते गरीब गाईसारखं चालायचं.

"माझ्या हाताखाली कसं गुमान चालतं," सासूबाई पत्ते लावता लावता म्हणायच्या. "एकेकीच्या हाताला यशच नसतं, त्याला कोण काय करणार?"

सुनेला अक्कल होती हो. एकदा तिनं नवऱ्याला विचारलं, "अहो, हे मोडेममुळे तर होत नसेल? आई खेळतात तेव्हा तो काढलेला असतो."

तो हसला. "मोडेम म्हणजे पोस्टमन. पोस्टमन दारात आला म्हणून घर कोसळतं का? तू फार जोरात टाइप करतेस. हळू टाइप कर."

आणि मग त्यानं उपचार मांडले. पंखा पुसला, आतल्या पट्ट्या बदलल्या, सगळं मशीन धुऊनपुसून नव्यानं भरलं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. प्रत्येक वेळी उठताना तेच वाक्य, हळू टाइप कर. तिनं नखं कापली. बोटांची नुसती टोकं टेकवून, श्वास रोखून लिहायला शिकली. झोपलेल्या तान्ह्या मुलाशेजारून उठावं, तशी ती त्या कीबोर्डशी वागायची. स्वतःच्याच हातांचा तिला राग येऊ लागला होता.

प्रकाशकाकडच्या मुख्य बाई चांगल्या होत्या. त्यांनी आणखी एक सकाळ दिली, ही शेवटची म्हणून सांगून. त्या सकाळी ती शेवटच्या प्रकरणापर्यंत पोचली आणि पडदा निळा झाला. मशीन उठेपर्यंत ठरलेली वेळ टळली होती आणि फोनवर बाईंचा निरोप आला होता. काम उत्तम आहे, पण भरवसा ठेवता येत नाही, आम्ही दुसरीला घेतलंय.

नवरा जेवायला आला, तेव्हा तिनं सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे, नशीब एकेकाचं," आणि नेहमीपेक्षा चार घास जास्तच जेवला.

मध्येच त्याचा फोन वाजला. हात खरकटा, म्हणून त्यानं डाव्या हाताच्या बोटानं फोन मोठ्या आवाजावर टाकला. पलीकडे शिवणकाम करणारी एक बाई रडकुंडीला आली होती. इंटरनेट लावलं की कॉम्प्युटर निळा होऊन बंद पडतो, म्हणाली.

"ताई, घाबरू नका," डॉक्टर म्हणाला. "मोडेम पुढच्या खोबणीत आहे ना? पुढं करंट कमी पडतो. तो काढा आणि मागं लावा. शॉकबिक काही बसत नाही."

थोडा वेळ खुडबुड ऐकू आली. मग ती बाई म्हणाली, "चालू झालं हो. देवमाणूस आहात तुम्ही."

बायको वाढता वाढता थांबली होती. सासूबाई ताटात बघत राहिल्या. तो उठला, सावकाश हात धुतले, पुसले आणि म्हणाला, "आपल्या मशीनचं दुखणं वेगळं आहे."

तो दुकानावर गेल्यावर तिनं टेबल ओढलं, कप्प्यातला कॉम्प्युटर फिरवला आणि मोडेम मागं लावला. मग जुनं एक प्रकरण उघडून टाइप करत बसली. आधी हळू, मग नेहमीसारखं, मग मुठी आपटाव्या तसं. नोकरी तर गेलीच होती. आता तिला एवढंच हवं होतं, की हे मशीन एकदा, फक्त एकदा बंद पडावं. म्हणजे तो म्हणाला ते खरं ठरलं असतं आणि संध्याकाळी दार उघडताना तिला त्याच्या तोंडाकडे बघता आलं असतं.

दिवेलागणीला दाराची कडी वाजली. मशीन चालूच होतं.