दादाची मिशी

माझा थोरला भाऊ टीव्हीवर वारला तेव्हा आम्ही सगळे गावाकडं, कळसच्या घरी टीव्हीपुढंच बसलो होतो, आणि वारलेला माणूस आमच्यातच मांडी घालून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. मालिकेत तो मोठा बागायतदार होता, नायिकेचा बाप. उसाची ट्रॉली उलटली आणि तो तिच्याखाली सापडला. नायिकेनं टाहो फोडला, मागं काहीतरी रडकं वाजलं आणि जाहिराती लागल्या. दादा म्हणाला, "पडलो बरा, न्हाय?" वहिनी हसली. आई उठून आत गेली.

दादाचं इंदापूरला तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. उत्पन्नाचा दाखला, वारसनोंद, रेशनकार्ड, कसलाही अर्ज तो भरून देतो. पण जीव सगळा नाटकात. गणपती असो, जत्रा असो, एकांकिकेची स्पर्धा असो, काम मिळालं की स्वारी दुकान बंद करून निघाली. अंगानं भरलेला, आवाज खर्जातला आणि ओठावर अशी मिशी, की कचेरीत नवा आलेला शिपाई त्याला साहेब समजून उठून उभा राहायचा. बारामतीच्या एका स्पर्धेत एका दिग्दर्शकानं त्याला पाहिलं. मोरगाव रस्त्याला एक बंगला भाड्यानं घेऊन त्यांची मालिका सुरू होणार होती. दादाला दोन वाक्यं म्हणायला लावली आणि दिग्दर्शक म्हणाला, "मिशी तेवढी जपा, आबा." दादा तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. त्या दिवसापासून सेटवर तो सगळ्यांचा आबा झाला.

चार महिने त्यानं काम केलं. मी बारामतीला हायस्कुलात विज्ञान शिकवतो, त्यामुळं शूटिंगच्या दिवसांत तो माझ्याकडंच उतरायचा. सकाळी माझ्या आरशापुढं उभं राहून मिशीला तेल लावायचा आणि मला शाळेला उशीर करायचा. मी चिडायचो, पण खरं सांगायचं तर स्टाफरूममध्ये माझाही भाव वाढला होता. मग कथेला वळण पाहिजे म्हणून त्याला मारलं.

मेल्यावर त्याचा फोटो बंगल्याच्या दिवाणखान्यात लागला. मोठा, चौकटीतला, वर चंदनाचा हार. घरातली सगळी भांडणं त्या भिंतीपुढंच व्हायची, म्हणून तो फोटो रोज दिसायचा. दादाला त्याचंही कौतुक. "आये, बाकीच्यांना आठवड्यातून दोन दिवस बोलावत्यात. मी रोज हाय."

"जित्या मानसाला हार घालत्यात व्हय रं?" आई म्हणाली. "माझ्या घरात ही मालिका लागायची न्हाय." त्यानंतर आई घरात असली आणि तो चॅनल लागला की कुणीतरी पटकन बदलायचं.

पण दादाला खरी आशा होती ती फ्लॅशबॅकची. मालिकेतला मेलेला माणूस पुरता मरत नाही, हे त्याचं ठाम मत होतं. लेकीला आठवण येणार, मग बाप परत दिसणार. त्यासाठी चेहरा होता तसाच राहायला हवा. म्हणून त्यानं वजन वाढू दिलं नाही, कमी होऊ दिलं नाही, आणि मिशीला तर कात्रीसुद्धा मोजून लावायचा. मधल्या काळात गावच्या नाटकात त्याला मारुतीचं काम मिळत होतं. तिथं मिशी काढावी लागेल म्हणून तेही नको म्हणाला.

कलाकारांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. मालिका पुढं सरकली तसं ज्याचं काम संपलं तो त्यातून बाहेर पडला. खाष्ट काकू झालेल्या बाई साड्यांच्या दुकानांची उद्घाटनं करत तालुके फिरू लागल्या. धाकटा काका झालेला पोरगा दुसऱ्या चॅनलवर पोलीस झाला. नायिकेचे दात महामार्गावरच्या एका मोठ्या फलकावर टूथपेस्टसाठी चमकू लागले. दादा मात्र ग्रुपमध्येच. कुणाचाही वाढदिवस असला की पहिलं गुलाबाचं फूल त्याचं. त्याला कुणी उत्तर दिलेलं मी फारसं पाहिलं नाही.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात आमचे वडील, तात्या, गेले. शेतातून आले, पाणी मागितलं आणि भिंतीला टेकले ते टेकलेच. त्याच्या दोनच दिवस आधी सेटवरच्या सहायक दिग्दर्शक बाईंचा दादाला फोन आला होता. पुढच्या महिन्यात बापाचा फ्लॅशबॅक येतोय, आठ-दहा दिवसांचं काम आहे, लुक तसाच ठेवा. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते आलं, आणि तेही अशा वेळी.

आमच्याकडं बाप गेला की पोरांनी डोकं करायचं आणि मिशी उतरवायची. भरल्या मिशीचा माणूस अचानक बिनमिशीचा दिसला, की समोरचा आवाज खाली आणून विचारतो, कोण गेलं? दहाव्याला नदीवर सगळा गाव जमला. मी धाकटा, मी आधी बसलो. माझी मिशी ती काय, दोन फटक्यांत गेली. मग दादा बसला. डोक्यावरून वस्तरा फिरला. मालिकेत त्याला टोपी होती, त्यामुळं केसांची काळजी नव्हती. वस्तरा ओठाजवळ आला तसा दादानं न्हाव्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला.

चुलते पुढं झाले. "आरं, ऱ्हाऊ द्या म्हंजी? बाप जिता हाय का तुझा?"

"सेटवरनं फोन आलाय. काम हाय."

मी त्याला बाजूला ओढलं. "नकली मिशी लाव की! बाजारात पायलीच्या पन्नास मिळतात."

"जवळून कळतं रं," तो म्हणाला. त्याचे डोळे रडून लाल झाले होते. तो तात्यांवर माझ्यापेक्षा जास्त जीव लावून होता, हे मला माहीत होतं, म्हणूनच माझा राग आणखी पेटला. तुळतुळीत डोकं आणि खाली ती झुपकेदार मिशी. लहान पोरं आयांच्या पदराआड तोंड लपवून हसत होती. तसल्या अवतारात त्यानं पिंड ठेवला. कावळा लगेच शिवला. आई एवढंच म्हणाली, "तुझ्या बापानं राग न्हाय धरला. मी धरलाय."

त्यानंतर आई त्याच्याशी कामापुरतं बोलायची. ताट वाढायची, पण समोर बसायची नाही. आणि तो फ्लॅशबॅक काही आला नाही. नायिकेला सिनेमा मिळाला, ती मालिका सोडून गेली, तिच्या जागी त्याच भूमिकेत दुसरी मुलगी आली आणि कथा भलत्याच घरात शिरली. दादानं चार वेळा फोन केले. चौथ्यांदा त्या बाई म्हणाल्या, "आबा, असतं असं." हे त्यानं मला स्वतः सांगितलं. मी त्याला बोलायला नको होतं ते बोललो. एका मिशीसाठी बापाला विकलंस, असं म्हणालो. त्यानं ऐकून घेतलं.

वर्ष सरत आलं. तात्यांच्या वर्षश्राद्धाला आठ दिवस होते, तेव्हा पुन्हा फोन आला. मालिका बंद होतेय, शेवटच्या भागात लेकीच्या स्वप्नात बाप येतो, एकच शॉट आहे. आईला आम्ही काही सांगितलं नाही. बारामतीला माझ्याकडं काम आहे म्हणून दादा निघाला आणि मी त्याला घेऊन मोरगाव रस्त्यावरच्या बंगल्यावर गेलो. कशाला गेलो, मलाही सांगता येणार नाही. एवढं करून त्याला मिळतं तरी काय, ते पाहायचं असावं.

तिथं त्याच्या ओळखीचं कुणी राहिलं नव्हतं. मेकअपवाल्यानं त्याला खुर्चीवर बसवलं, कागद पाहिला आणि म्हणाला, "लेक सहा वर्षांची आहे स्वप्नात. म्हणजे तरुण लुक. केस काळे करू, मिशी काढू."

दादानं आरशातून माझ्याकडं पाहिलं. त्याला उठून येता आलं असतं. कुणी धरून ठेवलं नव्हतं. मेकअपवाल्यानं पुन्हा विचारलं, "काढू ना?"

"काढा," दादा म्हणाला.

मिनिटभरसुद्धा लागलं नाही. नदीवर सगळ्या गावापुढं, आईपुढं, बापाच्या पिंडापुढं जी गेली नाही, ती एका अनोळखी माणसानं कागदी रुमालात गोळा करून टोपलीत टाकली. मला दादाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. मी दोन्ही केलं नाही. बाहेर जाऊन गाडीत बसलो. अर्ध्या तासात त्याचं काम आटोपलं. परत येताना तो सारखा ओठावर हात ठेवून होता. बारामती मागं पडल्यावर म्हणाला, "हलकं लागतंय."

घरी पोचलो तेव्हा आई अंगणात तूर पाखडत होती. तिनं वर पाहिलं. सूप बाजूला ठेवलं, उठली आणि दादाच्या समोर येऊन उभी राहिली. मग तिनं हात वर करून त्याच्या ओठावरून बोट फिरवलं.

"काढलीस व्हय रं," ती म्हणाली. "वरीस झालं त्यांना. मला वाटलं, तू इसरला." आणि त्याच्या छातीला डोकं लावून ती जी रडायला लागली, तशी ती तात्या गेले तेव्हाही रडली नव्हती. दादा ताठ उभा. माझ्या तोंडाशी आलं होतं सगळं. दादानं आईच्या पाठीवर हात ठेवलेला पाहिला आणि मी गिळून टाकलं. त्या दिवशी आईनं त्याला समोर बसून जेवायला वाढलं.

शेवटचा भाग त्यानंतर पंधरा दिवसांनी लागला. वर्षश्राद्ध नीट पार पडलं होतं, घरात मोकळं वाटत होतं. आईच म्हणाली, "लाव तुझी ती मालिका. शेवटाची हाय म्हनं." दादाचा चेहरा उतरला. पडद्यावर त्याचं उघडं तोंड दिसलं की मिशी कुठं गेली ते आईला कळणार होतं. तो म्हणाला, केबल नीट येत न्हाय. आईनं ऐकलं नाही. जन्मभर आपण दिसावं म्हणून धडपडलेला माझा भाऊ त्या संध्याकाळी आपण दिसू नये म्हणून मुठी आवळून बसला होता.

स्वप्न आलं. पांढरा धूर, झोपाळ्यावर एक छोटी मुलगी. मागून एक हात आला आणि तिच्या डोक्यावर टेकला. तेवढंच. तोंड दाखवलंच नाही. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. दादानं धरून ठेवलेला श्वास सोडला.

आई पुढं सरकली होती. "ह्यो हात तुझा हाय," ती म्हणाली. "कोयत्याची खूण हाय की बोटावर. तोंड का न्हाय दावलं रं?"

आईनंच उत्तर शोधलं. "बापासाठी मिशी काढलीस म्हनून न्हाय दावलं व्हय?"

दादा टीव्हीकडं पाहत राहिला. मग त्यानं मान हलवली, हो म्हणून. आईनं त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला. "न्हाय दावलं तर न्हाय," ती म्हणाली. "त्यांनी बघितलं आसंल वरनं."

आता ती येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगते. माझ्या ल्योकानं बापासाठी टीव्हीचं काम घालवलं. ऐकणारे दादाकडं आदरानं बघतात आणि दादा उठून गोठ्याकडं जातो. खरं आम्हा दोघांनाच ठाऊक आहे. माझा राग पुरता गेलाय असं मी म्हणणार नाही, पण तो आता कुणावर काढायचा ते मला कळत नाही.

दादानं मिशी परत वाढवली नाही. रोज सकाळी उठला की पहिल्यांदा ती उतरवतो. एकदा वर्ष झालं की पुन्हा ठेवायला कुणाचीच ना नसते, आईचीही नव्हती. मी म्हणालो, "ठेव की आता. लोक काही म्हणत नाहीत."

"ती शॉटसाठी काढली हुती," तो म्हणाला. "तात्यांची ऱ्हायलीय अजून."

मागच्या दिवाळीआधी मी त्याच्या दुकानात बसलो होतो. एका म्हाताऱ्या बाईचा अर्ज भरताना त्याचा फोन वाजला. हातात पेन होतं, म्हणून त्यानं स्पीकरवर टाकला. कुठल्यातरी नव्या मालिकेतून एक मुलगी बोलत होती. पाटलाचं काम आहे, मोठं आहे, मरतबिरत नाही, निदान दोन वर्षं चालेल. तुमचे जुने फोटो पाहून सरांनी तुम्हालाच घ्यायचं ठरवलंय. दादाचं पेन थांबलं. त्याच्या डोळ्यांत ते जुनं काहीतरी हललेलं मी पाहिलं.

"फक्त एक कन्फर्म करायचं होतं," ती म्हणाली. "तुमची ती मिशी आहे ना अजून?"

"न्हाय," दादा म्हणाला. "वडील वारल्यात माझं."